नुसतं शिकत बसायचं की करायला घ्यायचं? (एका रखडलेल्या वाचनालयाच्या निमित्ताने)

उंबरठा

नमस्कार मंडळी. दोन-तीन वर्षं इथे वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. सांभाळून घ्या.

पुण्यात नोकरी, १३ वर्षं जावा ही प्रोग्रामिंगची भाषा, तीही विम्याच्या क्लेमच्या कामात. वडील निवृत्त शिक्षक. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी ‘ड’ वर्गाचं वाचनालय आहे, त्याचे ते मानद कार्यवाह. पुस्तकं ६,२०० च्या आसपास, सभासद १८०. २०२३ च्या दिवाळीत बाबा म्हणाले, "तू कंप्युटरमधला ना? मग आपली पुस्तकं एकदा कंप्युटरवर घेऊन दे. कुठलं पुस्तक कोणाकडे आहे एवढं कळलं तरी पुष्कळ." मी चकली खाता खाता म्हणालो, "त्यात काय, महिन्याभरात देतो."

मग असं झालं. जावा ऑफिसात रोजच असते, म्हणून घरी काहीतरी नवं करू म्हटलं. रिॲक्ट (वेबपानं बनवायचं साधन) शिकायला घेतलं. अर्धं झाल्यावर कळलं की टाइपस्क्रिप्ट ही भाषा आल्याशिवाय हल्ली कोणी विचारत नाही. ते घेतलं. मग वाटलं, समितीतले काका लोक लॅपटॉप कुठे उघडणार, फोनवरच हवं, म्हणून फ्लटर. मग सर्व्हरसाठी रस्ट ही भाषा (का, ते विचारू नका, आवडली). मग डॉकर (प्रोग्राम डब्यात बांधून कुठेही चालवायचं साधन). मार्चमध्ये कुबरनेटिसचा, म्हणजे शेकडो सर्व्हर एकत्र सांभाळायच्या यंत्रणेचा, २२ तासांचा कोर्स संपवला. १८० सभासदांसाठी.

मुलगी झोपली की साडेदहा ते साडेबारा बसतो. विकत घेतलेले कोर्स ११, पूर्ण केलेले अडीच. फोल्डरांची नावं अनुक्रमे ‘वाचनालय’, ‘वाचनालय-नवं’, ‘वाचनालय-नवं-२’ आणि ‘वाचनालय-आता-खरंच’. आजच्या तारखेला चालणारी गोष्ट एकच, लॉगिनचं पान. त्याला डार्क मोडही (काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं) आहे. डेटाबेसमध्ये पुस्तकं ३, तिन्हींचं नाव ‘टेस्ट’.

गेल्या महिन्यात घरी गेलो तर टेबलावर नवं कोरं दाखल रजिस्टर. बाबा काही बोलले नाहीत. आधीचं संपलं, म्हणून नवं आणलं, एवढंच.

आता प्रश्न. तुम्ही घरच्या प्रोजेक्टवर बसता तेव्हा शिकणं आणि करणं यांची वाटणी कशी करता? आधी नीट शिकून मग हात घालता, की अडेल तिथे शिकता? मला शिकायला मनापासून आवडतं हो. ऑफिसात नवं शिकणं थांबून पाच वर्षं झाली, रात्रीचे ते दोन तासच काय ते आपले वाटतात. ते वाया गेले असं म्हणवत नाही. पण ते रजिस्टर डोळ्यांसमोरून जात नाही.

चहाबाज

पहिला! पुस्तकं तीन आणि डार्क मोड तयार, हे वाचून डोळे पाणावले. पॉपकॉर्न घेऊन बसतोय.

डिबगराव

उंबरठा, रागावू नका, पण सहा हजार पुस्तकांना एक्सेल पुरतं.

मी १९९५ साली फॉक्सप्रो २.६ या डेटाबेसवर एका औषधाच्या दुकानाचा स्टॉक लिहून दिला होता. शिकायला काय होतं? हातोहात फिरून पानं सुटलेलं एक पुस्तक आणि एफ-१ दाबल्यावर येणारी मदत. मालक काउंटरवरूनच ओरडायचा, "अहो, मुदत संपलेल्या गोळ्यांची यादी निघत नाही." मग ती यादी काढण्यापुरतं शिकायचं. संध्याकाळी १.४४ च्या फ्लॉपीवर घेऊन जायचं. फ्लॉपी वाटेत खराब झाली तर परत दुसऱ्या दिवशी. तेव्हा रस्ट की फ्लटर हा प्रश्नच नव्हता, कारण गावात दुसरं काही मिळतच नव्हतं. गरिबीचा फायदा म्हणा.

तुमचं चाललंय ते म्हणजे चार माणसांच्या आमटीसाठी लग्नातलं पातेलं आणायला जिल्ह्याच्या गावाला जाण्यातला प्रकार. येत्या शनिवारी गावी जा, शीट उघडा, दाखल क्रमांक, नाव, लेखक, कोणाकडे, कधी नेलं, एवढे पाच रकाने करा आणि पहिली पन्नास पुस्तकं स्वतः भरा. मग बोलू.

मी_शेवंता

डिबगराव +१. माझ्याकडे पण ‘आता-खरंच’ नावाचं फोल्डर आहे, त्यामुळे जास्त बोलत नाही.

सदाफुली

मी जरा उलटं बोलणार आहे. "करत सुटा, आपोआप येतं" हे ऐकायला बरं वाटतं. मी तसंच केलं होतं.

मुलांच्या पायी सहा वर्षं नोकरी सोडली होती. परत सुरुवात करताना हात बसावा म्हणून जावेच्या डब्यांच्या धंद्यासाठी ऑर्डरचं ॲप करायला घेतलं. शिकण्यात वेळ घालवायचा नाही असं ठरवलेलंच होतं. दिसेल तिथून उचलून चिकटवायचं, चाललं की पुढे. पंधरा दिवसांत चालू केलं आणि घरात केवढं कौतुक!

पहिला दणका. क्लाउडची (भाड्याच्या सर्व्हरची) गुप्त किल्ली, म्हणजे पासवर्डच, मी कोडमध्येच लिहिली होती आणि कोड सगळ्यांना दिसेल असा ठेवला होता. दोन दिवसांत कोणीतरी त्या किल्लीवर स्वतःची यंत्रं चालवली आणि मला १९ हजारांचं बिल आलं. पुढे अर्ज-विनंत्या करून बरंचसं माफ झालं, पण ते चार दिवस जेवण गेलं नाही.

दुसरा दणका मला जास्त लागला. तारखा मी मजकूर म्हणूनच साठवत होते. फोनच्या सेटिंगप्रमाणे कुणाची ५/६ म्हणजे पाच जून, कुणाची सहा मे. एका दिवशी ४० डबे बांधले, त्यातले १४ भलत्याच दिवशीचे निघाले. जाऊ पहाटे चारला उठून पोळ्या लाटते हो. मला काही बोलली नाही, उरलेली भाजी शेजारी वाटून आली.

तेव्हापासून "करता करता शिकू" म्हणणाऱ्याला मी विचारते, शिकणार तुम्ही, पण डबा कोणाचा जाणार? दुसऱ्याचं काही हातात घेतलं तर काही गोष्टी आधीच यायला हव्यात. बॅकअप कसा घ्यायचा, किल्ल्या कुठे ठेवायच्या, तारीख कशी साठवायची. त्या शिकायला २२ तास लागत नाहीत, एक रविवार पुरतो.

डिबगराव

सदाफुली, मुद्दा मान्य. बॅकअपचं मी लिहायला हवं होतं. आमची फ्लॉपी खराब व्हायची तेव्हा दुकानदाराची वही होतीच की! उंबरठाच्या वडिलांनी नवं रजिस्टर आणलं ते बरंच झालं. ते बंद करू नका.

टेक्सासकर

गिटचं उदाहरण कोणी दिलं नाही अजून? कोडमधले बदल सांभाळायला लिनक्सवाले जी प्रणाली वापरत होते तिचा फुकट परवाना गेला. ३ एप्रिल २००५ ला लिनक्सचा जनक लिनस टॉरवल्ड्सने त्याच कामासाठी गिट लिहायला घेतलं आणि ७ तारखेला गिटचा कोड गिटमध्येच ठेवला जाऊ लागला. चार दिवस! जुलैत ते जुनिओ हमानो या दुसऱ्या प्रोग्रामरच्या हवाली करून लिनस आपल्या कर्नलकडे, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याकडे, परत. कोर्स केला का त्याने?

खिडकीतला

टेक्सासकर, कोर्स केला होता की. १४ वर्षांचा. १९९१ पासून तो माणूस जगभरातून आलेले हजारो बदल जोडत बसला होता. काय लागतं, कुठे अडतं, किती वेगाने व्हायला हवं, हे त्याला पाठ होतं. चार दिवस नुसतं टंकायला लागले म्हणा.

आणि उलटं उदाहरण हवं असेल तर डॉनल्ड क्नुथ घ्या. उंबरठा, हे खास तुमच्यासाठी.

क्नुथ यांची संगणकशास्त्रावरची मोठी ग्रंथमाला चालू होती. तिसरा खंड १९७३ मध्ये आला. १९७७ मध्ये दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीची प्रूफं हातात आली. आधीची छपाई शिशाच्या खिळ्यांची, आता फोटोटाइपसेटिंग आलेलं. गणिताची पानं इतकी बेढब दिसत होती की त्यांना बघवेना. दुसरा कोणी प्रकाशकाला दोन कडक पत्रं लिहून मोकळा झाला असता. यांनी पुस्तक बाजूला ठेवलं आणि अक्षरजुळणीचा प्रोग्रामच लिहायला घेतला, ‘टेक’. अंदाज असा की वर्षभरात आटपेल. मग नुसता प्रोग्राम पुरेना, अक्षरंही मनासारखी हवीत, म्हणून अक्षरं काढणारा दुसरा प्रोग्राम, ‘मेटाफॉन्ट’. अक्षरांसाठी मग अक्षरकलेचा अभ्यास, त्यातल्या जाणकारांशी गाठीभेटी. वर्षाची दहा वर्षं झाली. ग्रंथमालेचा पुढचा खंड, ४-अ, आला २०११ मध्ये.

म्हणजे ३८ वर्षांनी. तुमचं अजून दीडच झालंय.

चहाबाज

उंबरठा, बाबांना सांगा, २०६१ पर्यंत धीर धरा.

खिडकीतला

चहाबाज :) पण गंमत बघा. त्या आडवाटेवर जे तयार झालं त्यावर आजही जगभरचे गणिताचे प्रबंध छापले जातात. ‘टेक’च्या आवृत्तीचा आकडा दर दुरुस्तीला पायच्या (π) एकेका अंकाने वाढतो, २०२१ मध्ये तो ३.१४१५९२६५३ झाला. आडवाट वाईट असते असं मी मुळीच म्हणणार नाही.

डिबगराव

क्नुथ एक होतो हो. बाकीच्या हजारांची आडवाट लॉगिनच्या पानापाशी संपते.

पेटीवाला_नातू

इथे सगळे ‘पूर्ण झालं की नाही’ यावरच का घसरलेत? माझे आजोबा मिरजेला राहायचे. रेल्वेतली नोकरी सांभाळून ४० वर्षं पेटी वाजवली. रोज संध्याकाळी तासभर, खिडकी बंद करून. एकही कार्यक्रम केला नाही, कुणाला साथ केली नाही, आजीने "पाहुण्यांपुढे वाजवा की" म्हटलं तरी नाही. त्यांना कोणी विचारलं नाही की हे पूर्ण कधी होणार.

मी रात्री कंपायलर (कोडचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम) लिहितो. तीन वर्षं झाली, त्यात अजून बेरीज-वजाबाकीच होते. मला काही त्रास नाही. उंबरठांची गडबड वेगळी आहे, त्यांनी पेटीचा रियाझ आणि वडिलांना दिलेला शब्द एकाच फोल्डरात ठेवलाय. दोन वेगळे करा. रस्ट शिका, खुशाल शिका, पण त्याला वाचनालय म्हणू नका.

सदाफुली

पेटीवाले, हे पटलं.

मी_शेवंता

एक बाळबोध प्रश्न विचारू का? हल्ली ते एआयला सांगितलं की अख्खं ॲप लिहून देतं म्हणतात. मग शिकायचं आणि करायचं, दोन्ही कशाला? त्यालाच सांगा, "वाचनालय करून दे."

टेक्सासकर

शेवंताताई, अर्ध्या तासात देतं ते. मी माझ्या इथल्या महाराष्ट्र मंडळाची गणपतीची वर्गणी आणि जेवणाची नोंदणी तशीच केली. एक ओळ स्वतः लिहिली नाही. शिकलो काय? काहीच नाही. पण २१० पानं वाढली वेळेवर.

डिबगराव

आणि पुढच्या वर्षी ते बंद पडलं की?

टेक्सासकर

पुढच्या वर्षी कार्यकारिणी बदलते, काका. :)

मास्तर_तळकोकण

मी प्रोग्रामर नाही, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. पण शेवंताताईंच्या प्रश्नावर माझा ताजा अनुभव आहे म्हणून लिहितो.

शालेय पोषण आहाराच्या तांदळाचा हिशोब रोज ठेवावा लागतो. किती मुलं जेवली, किती तांदूळ शिजला, शिल्लक किती. महिनाअखेरीस जुळवताना रात्र व्हायची. मुलाने फोनवर एआय दाखवलं, म्हणून त्याला मराठीतच सांगितलं की असं असं पत्रक हवं. सूत्रांसकट पत्रक दिलं, रंगबिरंगी. पहिल्या आठवड्यात शिल्लक बघितली आणि म्हटलं, एवढा तांदूळ उरतोय कसा? पोतं तर हलकं लागतंय.

सूत्र उघडून बघितलं. त्याने सगळ्या मुलांना १०० ग्रॅम धरलं होतं. पहिली ते पाचवीला १०० ग्रॅम, पण सहावी ते आठवीला १५० असतं. मी सांगितलंच नव्हतं, त्याला कुठून कळणार? आमच्याकडे वरच्या वर्गांत ३२ मुलं, म्हणजे रोजचा १ किलो ६०० ग्रॅमचा फरक. आठवड्यात साडेनऊ किलोच्या वर गेला.

मला सूत्रं लिहिता येत नाहीत. ‘इफ’ (जर-तरचं सूत्र) म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं. पण मी बारा वर्षं हा हिशोब हाताने केलाय म्हणून शिल्लक बघताक्षणी खटकली. नवीन रुजू झालेल्या शिक्षकाला खटकली नसती. तेव्हा शिकायचं म्हणजे नक्की काय शिकायचं, कोडिंग की काम, तेही बोला.

खिडकीतला

मास्तर, या धाग्यातला सगळ्यात वजनदार प्रतिसाद. पोत्यासकट.

रानमेवा

अवांतर: ‘कोडिंग’ला मराठीत चांगला शब्द सुचवा कोणीतरी. ‘संकेतलेखन’ नको, बँकेचा फॉर्म भरल्यासारखं वाटतं.

चहाबाज

‘कोड पाडणे’. लेख पाडतात, जिलब्या पाडतात, तसंच.

उंबरठा

सगळ्यांचे आभार. एवढे प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. डिबगरावकाका, शनिवारी गेलो गावी. शीट उघडली, पाच रकाने केले. बाबा रजिस्टर वाचून दाखवत होते, मी टाइप करत होतो. दोन तासांत ११४ पुस्तकं. दीड वर्षात ३ आणि दोन तासांत ११४, हा हिशोब बायकोने मांडला, मी नाही.

रविवारी सकाळी वाटलं, लेखकवार यादी छापून बाबांना द्यावी. नवं काही शिकायचं नाही अशी शपथ घेतली होती. पायथन ही भाषा थोडीफार येते, शीट एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये भरली, आडनावाने क्रम लावला, शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडून छापून आणली. बाबांनी चष्मा लावला, पहिलं पान बघितलं आणि म्हणाले, "काळे कावळ्याच्या आधी कसा आला रे?"

मी म्हटलं, बरोबर आहे की. ते म्हणाले, "आपल्या कार्डांच्या खणात काणे, कामत, कावळे, काशीकर आणि मग काळे. ह नंतर ळ. आणि हे क्षीरसागर इथे क मध्ये काय करतायत? त्यांचा खण शेवटचा."

दुपारभर त्यातच गेली. युनिकोडच्या (प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या) तक्त्यात ळ हा ल आणि व यांच्या मध्ये बसवलाय, आणि क्ष हे स्वतंत्र अक्षरच नाही, क, हलन्त आणि ष असे तीन तुकडे. यंत्र तुकड्यांच्या क्रमांकाने लावतं. त्यामुळे क्षीरसागर कौजलगींच्या मागे आणि खऱ्यांच्या पुढे.

म्हणजे आता परत शिकणं आलं. हे शिकू की "चालतंय" म्हणून सोडून देऊ?

रानमेवा

सोडू नका! वडिलांचं शंभर टक्के बरोबर. श ष स ह ळ क्ष ज्ञ, पहिलीतलं पोरही सांगेल. २००९ च्या वर्णमालेच्या शासन निर्णयातही क्ष आणि ज्ञ विशेष संयुक्त व्यंजनं म्हणून शेवटी दिलेत.

टेक्सासकर

पण क्ष हे जोडाक्षरच ना? मग क मध्ये का नको? हिंदी कोशांत तर क मध्येच असतो.

रानमेवा

हिंदी कोशांत असेल. वाचनालय साताऱ्यात आहे.

टेक्सासकर

भाषाशास्त्राच्या दृष्टीने बोलतोय.

रानमेवा

आणि मी खणाच्या दृष्टीने. सभासद क्षीरसागरांचं पुस्तक शोधायला ज्या खणाकडे चाळीस वर्षं जातोय तिथेच ते हवं.

चहाबाज

चला, धाग्याचा काश्मीर झाला. क्ष साठी.

खिडकीतला

उंबरठा, हे सोडायचं नाही आणि यात रात्री घालवायच्याही नाहीत. मोजून दहा-पंधरा ओळींचं काम आहे. एसक्यूलाइटला क्रम कसा लावायचा ते आपण सांगू शकतो. पायथनमध्ये ‘क्रिएट कोलेशन’ नावाची सोय आहे, दोन शब्द घ्यायचे आणि आधी कोण ते सांगायचं, एवढंच फंक्शन लिहायचं. त्या फंक्शनमध्ये तुलनेपुरतं ळ, क्ष आणि ज्ञ यांच्या जागी ह च्या पुढच्या क्रमांकांची, दुसरीकडे कुठे न येणारी तीन चिन्हं टाका. मूळ नावाला हात लावू नका.

आणखी दोन खड्डे आहेत, आत्ताच सांगून ठेवतो. ॲ दोन तऱ्हांनी टाइप होतो. एक अखंड अक्षर, दुसरा अ वर चंद्र. दिसायला सारखे, यंत्राला वेगळे. ‘ॲड.’ लावलेले लेखक असतील तर निम्मे सापडणार नाहीत. तसंच कऱ्हाडे हे आडनाव. काही कीबोर्ड नुक्त्याचा ऱ टाकतात, काही साध्या र नंतर हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह. शोधताना सगळं आधी एकाच रूपात आणून घ्या.

रच्याकने (बाय द वे), एसक्यूलाइटचा जन्मही असाच कामात अडल्यामुळे झालाय. रिचर्ड हिप अमेरिकी नौदलाच्या विनाशिकेसाठीच्या एका प्रोग्रामवर काम करत होते. मागचा डेटाबेस सर्व्हर बंद पडला की यांचा प्रोग्राम चालेना आणि बोलणी यांना. म्हणून सर्व्हरच लागणार नाही असा डेटाबेस त्यांनी २००० साली लिहिला. आज तुमच्या खिशातल्या फोनमध्ये तो आहे.

सदाफुली

११ कोर्समध्ये ळ कुठे बसतो ते कुणी सांगितलं होतं का, उंबरठा? बाबांनी चष्मा लावला आणि सांगितलं.

उंबरठा

सदाफुली, तेच लिहिणार होतो, पण प्रामाणिकपणे सांगायचं तर एक गोष्ट आड येते. तीन वर्षांपूर्वी युनिकोडवर एक लांबलचक व्याख्यान बघितलं होतं. काहीही उपयोग नसताना, रात्री दीडपर्यंत. क्ष चे तुकडे असतात हे तिथलंच डोक्यात राहिलं होतं, म्हणून रविवारी दुपारी कुठे बघायचं ते पाच मिनिटांत कळलं. ते बघितलं नसतं तर बाबांना "कंप्युटर असंच लावतो" म्हणून गप्प केलं असतं. म्हणजे वायफळ शिकलेलंही कामाला येतं, फक्त कुठलं येणार ते आधी कळत नाही. माझा प्रश्न काही सुटला नाही.

पेटीवाला_नातू

बघा! आजोबांचा आत्मा शांत झाला.

डिबगराव

एक व्याख्यान कामाला आलं. २२ तासांचं कुबरनेटिस कधी कामाला येणार?

उंबरठा

काका, ती दुखरी नस आहे.

गोमंतकी

माझी पद्धत सांगते, पटली तर घ्या. मडगावला असते, दिवसा हिशेबनीस, रात्री हौस. प्रत्येक प्रोजेक्टात माझ्यासाठी नवी गोष्ट एकच. बाकी सगळं आधी येणारं, जुनं, कंटाळवाणं. एकाच वेळी नवी भाषा, नवा डेटाबेस आणि नवा सर्व्हर घेतला की काही बिघडलं तर चूक कुठली तेच कळत नाही. दुसरं म्हणजे टेबलावर एक वही ठेवलीय. काम करताना "अरे हे पण बघायला हवं" असं जे जे वाटतं ते त्यात लिहून पुढे जायचं. महिन्याने वही उघडली की त्यातल्या निम्म्या गोष्टी का लिहिल्या तेच आठवत नाही.

मी_शेवंता

उरलेल्या निम्म्यांचं काय करता?

गोमंतकी

त्यांच्यासाठी पाऊस आहे ना. जून ते सप्टेंबर आमच्याकडे बाहेर पडायची सोय नसते. तेव्हा नुसतं शिकायचं, काहीही करायचं नाही. नोव्हेंबरला काम.

चहाबाज

चातुर्मासात पारायण. एकदम शास्त्रोक्त.

मास्तर_तळकोकण

आमच्याकडे पावसात वीजच नसते. तांदूळ हातानेच मोजतो.

उंबरठा

धागा वर काढतोय, सहा आठवडे झाले.

आज २,३४० पुस्तकं भरून झाली. मी भरलेली त्यातली ३०० असतील. बाकी बाबा आणि अकरावीतल्या दोन मुली, त्या अभ्यासिकेत येतात. बाबांनी त्यांना महिन्याची वर्गणी माफ केलीय. क्रम आता खणाप्रमाणे लागतो. ॲ चा खड्डा खराच होता, दोन ‘ॲड.’ सापडत नव्हते, सापडले. बॅकअप रोज रात्री दुसऱ्या जागी जातो, आणि महिन्यातून एकदा तो उघडून बघायचा असं सदाफुलींच्या धसक्याने ठरवलंय. रजिस्टर चालूच आहे. अनुदानाच्या तपासणीला तेच लागतं.

बुधवारी रात्री रस्ट. फोल्डरचं नाव बदलून ‘पेटी’ केलंय. त्यात काय चाललंय ते घरी कोणाला सांगत नाही.

बाकी आठवडाभर मात्र हात अजून शिवशिवतात. परवा देव-घेवीचा भाग लिहिताना उगाच दीड तास भलत्याच एका भाषेचं वाचत बसलो. गोमंतकी, वही घेतलीय. सध्या त्यात १९ नोंदी आहेत.

आणि जुनं लॉगिनचं पान काढून टाकलं. वाचनालयात एकच कंप्युटर आणि त्याला एकच माणूस बसतो, कुलूप त्या खोलीलाच आहे. तर काल बाबांचा फोन. म्हणाले, "अरे, ते काळं पान होतं ना तुझं, दिवाळीनंतर दाखवलेलं? ते का काढलंस? ते डोळ्यांना बरं वाटायचं."

चहाबाज

डार्क मोड!!! मी पहिल्या प्रतिसादापासून सांगतोय!

डिबगराव

आता परत शिकायला बसू नका म्हणजे झालं.

कृष्णाकाठ

नवीन सभासद आहे, अख्खा धागा आत्ताच वाचला. आमच्या गावच्या वाचनालयालाही असंच हवंय, साडेतीन हजार पुस्तकं आहेत. शीट आणि तो क्रम लावायचा प्रोग्राम देता का? फक्त एक अडचण आहे. आमच्याकडे निम्मे सभासद कऱ्हाडे आहेत आणि मागच्या कार्यवाहांनी सगळी नावं जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप करून ठेवलीत.

खिडकीतला

उंबरठा, वही काढा. विसावी नोंद.